बिनतारेची वीज

करंट सरांचं एका हाकेत कधीच भागत नसे. पहिल्या हाकेला ते ढिम्म, दुसरीलाही तसेच. तिसरी हाक बेंबीच्या देठापासून मारली की मात्र ते पुरते वळत आणि असं "काय?" म्हणत की हाक मारणाराच दचके. ते बहिरे मुळीच नव्हते. मागच्या बाकावरची कुजबूज त्यांना नेमकी ऐकू यायची. पण माणसाची मज्जापेशी जशी वागते तसंच माणसानंही वागावं, अशी त्यांची श्रद्धा होती. "पेशी अर्धवट हो म्हणत नाही," ते सांगत. "धक्का उंबरठ्याखालचा असेल तर काहीच नाही, उंबरठा ओलांडला की पुरतं." शिवाय एकदा उत्तर देऊन झालं की लगेच दुसरा प्रश्न चालत नसे. पेशीही एक झटका देऊन झाला की क्षणभर कुणाचं ऐकत नाही. सरांचा हा क्षण कधी कधी जेवणाच्या सुट्टीपर्यंत लांबायचा.

सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. अकरावी-बारावीची नवी पद्धत नुकतीच आली होती आणि जिंतूरच्या बाहेर येलदरीच्या रस्त्याला आमच्या कॉलेजची पत्र्याची इमारत उभी राहिली होती. विज्ञान शाखेला परवानगी एका वर्षापुरती. पुढचं समिती येऊन ठरवणार होती. येलदरीच्या धरणावर वीज तयार व्हायची आणि आमच्या डोक्यावरून भलतीकडेच जायची. कॉलेजपर्यंत खांब आले होते, तारा यायच्या होत्या. अशा ठिकाणी एक काटकुळा माणूस दोन बुशकोट घेऊन जीवशास्त्र शिकवायला आला, आणि वीज तुमच्या प्रत्येकाच्या अंगात आहे, असं त्यानं पहिल्याच तासाला सांगितलं. त्याच दिवशी त्यांचं नाव पडलं. खरं नाव सहीपुरतं उरलं.

माझे वडील, म्हणजे दादा, कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. आमच्या बौद्ध वस्तीत 'शिकू नको' असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पोरीला परभणीला ठेवून शिकवणं दादांच्या ऐपतीतही नव्हतं आणि मनातही नव्हतं. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "जिंतुरात सायन्स हाय तवर शीक. बंद पडलं तर पाथरीचं स्थळ हाय." हे पाथरीचं स्थळ मला बघायला आलं होतं. सायकलच्या दुकानातला मुलगा होता. तो सगळा वेळ आमच्या दाराशी टेकवलेली सायकल न्याहाळत बसला आणि जाताना चेन बदला म्हणाला. त्यामुळे समितीच्या निकालाची कॉलेजपेक्षा मला जास्त धाकधूक होती.

सरांना मात्र समितीशी घेणंदेणं नव्हतं. उपकरणं नव्हती, बेडूक मिळत नव्हते, म्हणून त्यांनी वर्गाचीच पेशी केली. खोली म्हणजे पेशी, पुढचं दार सोडियमचं, मागचं पोटॅशियमचं. मुलं सोडियम, म्हणून ती बाहेर व्हरांड्यात. आम्ही चौघी मुली पोटॅशियम, कारण मुलींनी आत बसायचं ही जिंतूरची रीत होती आणि पोटॅशियमही आतच जास्त असतं. सर डस्टरनं पत्र्यावर हळूच टकटक करत. कुणी हलायचं नाही. मग एक दणका. पुढचं दार उघडायचं आणि सगळा सोडियम एकमेकांना तुडवत आत घुसायचा. आतला ऋण भार क्षणात धन झाला, हीच ती वीज, असं सर त्या गोंधळात ओरडून सांगत. मग पुढचं दार बंद, मागचं उघडं, आणि आम्ही चौघी ओढण्या सावरत बाहेर. दणक्यानं शेजारचा वाणिज्याचा वर्गही उठून पळायचा. सरांना त्याचा फार आनंद व्हायचा. एका जागेचा झटका शेजारच्या जागेला उठवतो, संदेश असाच पुढे जातो, असं ते म्हणत.

सगळ्यांना पुन्हा आपापल्या जागी पोचवायचं काम खाजाचाचांचं. ते कॉलेजचे शिपाई, आणि पेशीतला पंप. पंप तीन सोडियम बाहेर टाकतो तेव्हा दोन पोटॅशियम आत घेतो, हे त्यांनी एकदाच ऐकलं आणि आयुष्यभराचा हुकूम असल्यासारखं पाळलं. तीन मुलं दंडाला धरून बाहेर, आमच्यातल्या दोघींना "चलो बेटा" म्हणून आत. दमले की भिंतीला टेकत आणि म्हणत, "चाय के बगैर पंप नई चलता, सर." सर खूश होऊन चहा मागवत, कारण पंपाला शक्ती पुरवावी लागते हे त्यांना त्याच तासाला शिकवायचंच असे. कॉलेजात पंप आलाय हे गावभर झालं तेव्हा एक शेतकरी विहिरीसाठी नंबर लावायला आला होता. सरांनी त्यालाही पेशी समजावली. तो बिचारा दोन्ही दारांची मापं विचारून गेला.

पोरी मागच्या दारानं पळतात ही बातमी दादांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. ते धुतलेलं धोतर नेसून जाब विचारायला कॉलेजात आले. सरांनी त्यांना बाकावर बसवून अर्धा तास शिकवलं. दादा शेवटी एवढंच म्हणाले, "म्हंजी माझ्या पोरीच्या अंगात लाईट हाय?"

"तुमच्याही अंगात आहे. कापसाची गाठ उचलता ती तिच्याच जोरावर."

दादा जाब न विचारताच घरी आले. दुसऱ्या दिवसापासून जिनिंगमध्ये गाठ उचलताना हमाल एकमेकांना "दाब बटन" म्हणायला लागले. शेजारच्या काकूंनी काळजीनं विचारलं, की याचं बिल कुणाच्या नावावर येतं. दादांनी ठणकावून सांगितलं, "गुरुजी म्हनले, जेवलं की फिटतं."

मग समितीची तारीख आली आणि संस्थेच्या अध्यक्षांची झोप उडाली. प्रयोगशाळेत वीज असणं ही परवानगीची पहिली अट होती. अध्यक्षांनी छताला दिवे टांगले, भिंतीवर बटणं ठोकली, आणि सगळ्यांना बजावलं की साहेबांनी विचारलं तर वीज आहे म्हणायचं, आत्ताच गेली म्हणायचं. सरांना तीनदा ओरडून सांगितलं. सर म्हणाले, "आहे म्हणेन. गेली म्हणणार नाही. ती गेली तर माणूस मरतो." अध्यक्षांना निम्मं पटलं आणि निम्मं कळलं नाही. तसेच ते निघून गेले.

समितीचे प्रमुख साहेब अंगानं भरदार होते, आणि कोटात घामाघूम झाले होते. ते नेमके पुढच्या दारात उभे राहिले. "इथं वीज आहे का?" त्यांनी विचारलं. सर ढिम्म. पुन्हा विचारलं. सर ढिम्म. अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक पडला. मला समोर ती सायकलची चेन दिसायला लागली. तिसऱ्यांदा साहेब खेकसलेच, आणि सर पुरते वळून म्हणाले, "आहे."

"दाखवा."

सरांनी डस्टर उचलून पत्र्यावर दणका दिला. पुढं जे झालं त्याला कुणाचाच इलाज नव्हता. बाहेरचा सोडियम आत घुसला आणि दारातल्या साहेबांना सोबत घेऊन आला. आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो आणि खिडकीतून पाहत राहिलो. खाजाचाचांच्या हिशेबी पुढच्या दारातून जो आत आला तो सोडियम. त्यांनी दोन मुलं धरली, तिसरे साहेब धरले, आणि अदबीनं पण घट्ट धरून तिघांनाही बाहेर काढलं. साहेब रागानं लाल होऊन परत आत आले. चाचांनी त्यांना पुन्हा बाहेर काढलं. शेवटी अध्यक्ष मध्ये पडले.

साहेबांनी टेबलावर हात आपटून ओरडायला सुरुवात केली. सरांनी शांतपणे त्यांचा तो हात धरला, कोपर वाकवलं आणि आतल्या बाजूच्या हाडामागे, जिथून मज्जातंतू जातो तिथं, पेन्सिलीनं टिचकी मारली. साहेबांच्या करंगळीपर्यंत झिणझिणी गेली. हात झटकत ते म्हणाले, "अरे, करंट लागला."

अध्यक्ष असेतसे राजकारणात टिकलेले नव्हते. ते तत्काळ सगळ्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलं ना? साहेबांना स्वतःला करंट लागला. म्हणजे वीज आहे." समितीतल्या दुसऱ्या सभासदांना पाचची एसटी गाठायची होती. त्यांनी तसंच लिहून घेतलं, आणि आपण लहान मुलांसारखे दोनदा दाराबाहेर काढले गेलो हे कागदावर येऊ नये म्हणून साहेबांनी सही केली. शाखेला कायमची परवानगी मिळाली. सही करता करता त्यांनी तोंडी एक अट घातली, ती म्हणजे हा माणूस उद्या इथं दिसता कामा नये.

अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी सरांना ते सांगितलं. आम्ही दाराबाहेरच होतो. सरांनी फक्त विचारलं, "शाखा राहिली ना?" राहिली म्हटल्यावर ते बुशकोट आणायला खोलीवर गेले. वाद नाही, विनवणी नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. माझ्यासाठी कुणी इतक्या सहज स्वतःची नोकरी सोडून द्यावी, हे मला सोसत नव्हतं.

एसटी स्टँडवर आम्ही चौघी होतो, खाजाचाचा होते, आणि जिनिंगमधली पाळी सोडून आलेले दादा होते. दादांनी सरांची पिशवी गाडीत चढवली आणि खिडकीखाली उभं राहून म्हणाले, "गुरुजी, पाथरीला 'न्हाई' म्हनून कळवलंय म्या. पोरगी शिकायलीय."

सर दादांकडे बघून हसले. गाडी परभणीकडे गेली. तिथून पुढे कुठे, ते कुणालाच सांगून गेले नाहीत.

मी बारावी झाले, पुढं बी.एस्सी. झाले, पंचवीस वर्षं मुलामुलींना जीवशास्त्र शिकवलं. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी कॉलेजात, स्टँडवर, सर राहत त्या खोलीच्या मालकाकडे, सगळीकडे त्यांचा पत्ता विचारत फिरले. तो कुणाकडेच नव्हता. दादांना निकाल सांगितला, आईला सांगितला, वस्तीत पेढे वाटले. सरांना सांगायचं राहिलं, ते अजून राहिलेलंच आहे.