शोभाच्या ओट्यामागची पांढरी रेघ

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही... म्हणजे नव्हता. आमच्या पिंपरी पेंढारच्या तिठ्यावर कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की लोक लांबून वळसा घालायचे, आणि मी ते उचलून खिशात टाकायचो. नळावरचे खाऱ्या पाण्याचे डाग लिंबाने झकास निघतात. तेव्हा मी घाबरट नाही, एवढं आधी मान्य करा. मूर्ख आहे की नाही, ते वाचून झाल्यावर ठरवा.

माझं टाइल्सचं दुकान आहे. जागा एवढीशी, त्यामुळे शोरूम म्हणजे आमच्या घरचं बाथरूम. पांढऱ्या टाइल्स आणि मधल्या फटींत काळंभोर ग्राउट — भूमितीच्या वहीसारखं नेटकं. गिऱ्हाईक अडलं की मी त्याला गाडीवर बसवून घरी आणायचो. आंघोळीला जाण्याआधी मंगल, म्हणजे आमची मंडळी, विचारून घ्यायची, "आज कुणी बघायला येणार न्हाई ना?"

आता साडू. दत्ताभाऊ, मंगलच्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा नवरा. राहणार महाळुंगे पडवळ. घोडेगावला एका लग्नात भर पंगतीत त्याने माझी ओळख करून दिली, "हे आमचे थोरले साडू. लोकांच्या संडासात ह्यांचं आयुष्य गेलं." अख्खी पंगत हसली. मीही हसलो. पण तोंडातली जिलबी कडू झाली ती झालीच. म्हटलं, थांब लेका.

चार महिन्यांत संधी स्वतःच्या पायांनी दुकानात आली. दत्ताभाऊने नवीन घर बांधलं होतं, स्वयंपाकघराच्या टाइल्स तेवढ्या राहिल्या होत्या. नवरा-बायको दारात चपला काढत होते, तेव्हा मी एका बाईंना नेहमीचा सल्ला देत होतो — गॅसच्या मागे पांढरं साधं ग्राउट चुकूनही घेऊ नका, आठ दिवसांत हळद पितं. गडद करडं घ्या. बाई गेल्या. दत्ताभाऊने हस्तिदंती टाइल्स पसंत केल्या. ग्राउट कुठलं, असं त्याने विचारलं, आणि मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "पांढरंशुभ्र. पुण्याकडं सध्या हेच चाललंय."

शोभा माझ्याकडे बघत राहिली. "दाजी, डाग न्हाई ना पडायचे?"

"पडलाच एखादा, तर माझ्याकडं पाठवून दे."

दत्ताभाऊ खदखदा हसला. मी आतल्या आत त्याच्याहून जास्त. घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्याच्या भिंतीवर मी दहा फोडण्या उडवल्या. त्याच्याकडे चहाला आलेले पाव्हणे भिंतीकडे बघतायत आणि दत्ताभाऊ पुढे उभा राहून पाठीने डाग झाकतोय — या चित्रावर मी महिनाभर खूश होतो.

त्यांचा गृहप्रवेश झाल्यावर आठवड्याभरात माझ्या बाथरूममध्ये कमरेच्या उंचीवरची एक काळी रेघ पिवळी झाली. बोट लावून हुंगलं. हळद, मोहरी, वर हिंगसुद्धा. बाथरूममध्ये...

मंगलने दारातून एक नजर टाकली. "तुमचं शोरूम हाय. तुमीच घासा." एवढं बोलून गेली. मी जुना टूथब्रश आणि सोडा घेऊन बसलो. निघालं. दुसऱ्या सकाळी दोन रेघा पिवळ्या. सगळं ग्राउट खरवडून काळं इपॉक्सी ग्राउट भरलं. इपॉक्सी शाईसुद्धा पीत नाही, हे मी शेकडो लोकांना छाती ठोकून सांगितलंय. तिसऱ्या दिवशी ते हळद प्यालं. जुन्नरहून आलेल्या गिऱ्हाइकाने भिंत बघितली, नाक ओढलं आणि अदबीने विचारलं, "सैपाक हितंच करता का?" मग गावभर झालं — ह्याच्या स्वतःच्या घरातला रंग टिकत नाही, आपल्याला काय देणार! गिऱ्हाइकं दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरायला लागली.

श्रावणात एका दुपारी रेघ लालभडक झाली, कडेला तेलाचा तवंग. मटणाचा वास घरभर. मंगल हॉटेलच्या बिलासाठी माझे खिसे तपासायला लागली. मला एकदम दत्ताभाऊची पांढरी भिंत आठवली. दत्ताभाऊला फोन लावला आणि सरळ विचारलं, मटण कसं झालं होतं?

त्याचा आवाज एकदम खाली आला, "भाऊ, शोभा भजनाला गेली व्हती... तुमाला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं म्हणून सांगू...

दुसऱ्या दिवशी महाळुंग्याला गेलो. दत्ताभाऊ मळ्यात होता, शोभा भाकऱ्या थापत होती. ओट्यामागची भिंत दुधासारखी. एक ठिपका नाही. मी पाटावर बसलो आणि पंगतीतल्या जिलबीपासून सगळं कबूल केलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्या बाईंना तुमी काय सांगत व्हता, ते दारातच ऐकलं मी. ह्यांना सांगून उपेग नव्हता. ह्यांनी माझं कधी ऐकलंय? पहिला डाग पडला तवा घासून घासून बोटं सोलली माझी. लई रडले. मग तुमचं बोलणं आठवलं. भिंतीवरच्या डागाला म्हणलं, जा दाजींकडं. सकाळी बघते तर भिंत कोरी. तवापासून डाग हितं थांबतच न्हाई."

त्या जिलबीच्या रागात भिंत कोण घासणार याचा मी एकदाही विचार केला नव्हता. मान खाली घालून म्हणालो, उद्याच येतो, माझ्या हातांनी गडद करडं ग्राउट भरून देतो. आता थांबव एवढं.

"कशाला? पांढरं झकास दिसतंय की." तिने भाकरी उलटली. "तिकडं घासतं कोण? ताई?"

"नाही, मीच."

"मग असू द्या."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मिस्त्री म्हणतो ओल आहे, प्लंबर म्हणतो पाण्यात लोह आहे, भाचा म्हणतो बुरशी. असेल. पण बुरशीला हिंगाचा वास कसा येतो, हे तिघांपैकी एकालाही सांगता आलेलं नाही, आणि मला तर नाहीच नाही. दुकान कसंबसं सावरलं. हल्ली गिऱ्हाइकाने रंग विचारला की मी आधी विचारतो, घासणार कोण? आणि जी घासणार तिलाच रंग निवडायला लावतो.

आज सकाळी रेघ हिरवी आहे, लसणाचा वास येतोय. पालक असणार. दत्ताभाऊला पालक बघवतसुद्धा नाही. तेवढ्याच समाधानात ब्रश भिजत घातलाय.