बकुळ गर्गेची लाल कयाक

बकुळ गर्गेची लाल कयाक गंगेच्या मधोमध बुडाली, त्याचं बालाजी घाटावर कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. पन्नाशी उलटलेली बाई, बँकेत ऑफिसर, भाऊ संस्कृत पाठशाळेत गुरुजी. हिला कुणी सांगितलं होतं असल्या नखऱ्याच्या नावेत बसायला, असंच बहुतेकांचं म्हणणं पडलं. बकुळ ओलीचिंब होऊन पायरीवर बसली होती आणि हे सगळं ऐकत होती. नाव का बुडाली हे कुणी विचारलंही नव्हतं. निकाल मात्र लागला होता.

ती काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातली. गर्गे मंडळी कित्येक पिढ्या तिथलीच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. वडिलांनी तिला आणि थोरल्या भावाला, रत्नाकरला, लहानपणीच या घाटावर पोहायला शिकवलं. रत्नाकर मोठा झाला तसं त्याचं पाण्यात उतरणं स्नानापुरतं उरलं. बकुळचं पोहणं सुटलं नाही. लग्नाच्या खटपटी झाल्या, फिसकटल्या, आणि एक दिवस तिनंच सांगितलं की आता पुरे. बँकेच्या बदल्या होत होत ती नदीपलीकडच्या रामनगरच्या शाखेत आली. मधे एकदा बँकेच्या शिबिरात नैनितालकडे गेली असताना तिथल्या तलावात तिला कयाक चालवायला मिळाली. लांबट, अरुंद, एकट्या माणसाची नाव. आत बसायचं, पाय पुढे पसरायचे आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आळीपाळीनं मारायचं. परत आल्यावर ती वहिनीला म्हणाली, "सुरेखावहिनी, आजवर मला कुणी ना कुणी घेऊन गेलं. तिथे मी माझी गेले."

तेव्हापासून तिच्या मनात कयाक होती. नवी कयाक काशीत मिळत नव्हती. पण रामनगरच्या बाजूला नदीकाठी एक जलक्रीडा मंडळ होतं, ते आपसांतल्या भांडणांनी बंद पडलं आणि त्याच्या फायबरच्या कयाक विकायला निघाल्या. विक्रीचं काम मंडळाचे सचिव काशीनाथ राय बघत होते. गोड बोलणारा, नेहमी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला माणूस. बँकेत त्यांचं खातं होतं, ओळख होती.

"मॅडम, आपके लिए सबसे अच्छी वाली निकाली है," राय म्हणाले.

शेडमध्ये ती लाल कयाक आरशासारखी चमकत होती. ताज्या रंगाचा वास येत होता. बकुळनं हात फिरवला, बैठक बघितली, वल्हं उचलून बघितलं. मग म्हणाली, "एकदा पाण्यात टाकून बघू या ना."

"रंग अजून कच्चा आहे, मॅडम. आत्ता पाण्यात गेली तर सगळी शोभा जाईल. आणि तुम्ही काय परक्या आहात का?"

तिला ते पटलं. ओळखीच्या माणसावर संशय कसा घ्यायचा, या भिडेनं तिनं पैसे मोजले.

कयाक मोठ्या नावेवर चढवून बालाजी घाटावर आली. रत्नाकरदादानं नावेच्या टोकाला कुंकू लावलं. थंडीतल्या शांत पाण्यात, काठाकाठानं, बकुळ काही रविवार सुखानं हिंडली. उतरताना आत थोडं पाणी दिसायचं. वल्ह्यावरून ओघळलं असेल म्हणून ती कपड्यानं टिपून घ्यायची.

मग एका सकाळी तिनं पलीकडच्या वाळूपर्यंत जायचं ठरवलं. प्रवाहाच्या मधोमध नाव जड झाली. वल्हं मारावं तसं मागचं टोक खाली बसत गेलं. तिनं वळवायचा प्रयत्न केला, तर नाव एका कुशीवर कलली आणि बकुळ पाण्यात पडली. त्यात घाबरण्यासारखं तिला काही नव्हतं. पण कयाकच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे असतात, नाव उलटली तरी ती तरंगावी आणि माणसाला धरायला आधार असावा म्हणून. तिनं हात टाकून धरलं, तर धरलेलं टोकच खाली निघालं. मागचा कप्पा काठोकाठ भरला होता. शिवराम निषाद नावाचा मल्लाह जवळून आपल्या नावेत सवारी घेऊन चालला होता, त्यानं दोर फेकला आणि नाव अन् बाई दोघींना काठाला ओढून आणलं.

घाटावरची मंडळी पांगल्यावर बकुळनं ती कयाक पालथी घातली. बुडाच्या मधल्या रेषेवर रंगाचा पापुद्रा सुटला होता. तिनं नखानं ओढला, तर खालून राखाडी पुट्टी निघाली, मोटारीचा पत्रा चेपला की भरतात तसली. पुट्टीखाली हातभर लांबीची चीर. बकुळ ती नाव घरच्या अंगणात घेऊन गेली आणि पुढचे दिवस संध्याकाळी तिच्यापुढे बसून राहिली. अंगठ्यानं दाबत गेली, तर दोन जागी फायबर भिजल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं. आतमध्ये विजेरी धरून अंधारात बघितलं, तर बुडातून बारीक उजेड बाहेर आला. मागच्या कप्प्याची आडवी भिंत एका बाजूनं सुटलेली होती, झाकणाचं रबर वाळून चिरलं होतं. मुळात फायबरची नाव रंगवायची गरजच काय पडते? हा प्रश्न शेडमध्ये उभं राहून विचारता आला असता. हे सगळं तिथेच दिसलं असतं. पण तिनं भीड बाळगली, आणि त्या भिडेचाच त्या माणसानं फायदा घेतला.

तरीसुद्धा ती रायांकडे गेली ती भांडायला नव्हे. दुपारच्या सुटीत गेली आणि शांतपणे सांगितलं.

राय हसले. "मॅडम, गंगाजीत दगड कमी आहेत का? कुठेतरी आपटली असणार. लेडीज लोकांचा हात जरा कच्चाच पडतो."

त्यांच्या मागे शेडमध्ये दोन माणसं उरलेल्या कयाकना रंग देत होती. लाल, पिवळा, निळा. आधी पुट्टी भरायची, मग रंगाचा हात.

"या कुणासाठी?"

"मुलींच्या शाळेला देतोय. शिवरात्रीनंतर ट्रेनिंग सुरू. पेपरात येणार आहे."

"मुलींना पोहता येतं?"

"लाइफ जॅकेट आहेत ना."

कोपऱ्यात जॅकेटांचा ढीग होता. बकुळनं एक उचलून मुठीत दाबलं. आतला फोम चुरचुरला आणि शिवणीतून भुगा तिच्या साडीवर सांडला. तिनं तो झटकला नाही. तसाच घेऊन ती बँकेत परत आली. आपल्याला फसवलं ते एक वेळ सोडता आलं असतं. या माणसाला ठाऊक होतं की नाव बुडते, तिनं स्वतः जाऊन त्याला सांगितलं होतं, आणि तरी त्याच्या मागे ब्रश थांबला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती शाळेत गेली. मुख्याध्यापिका लीला मिश्र यांनी चहा मागवला आणि ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "राय साहेब आमच्या समितीवर आहेत. त्यांनी कमी भावात दिल्यात. तुमचा त्यांच्याशी काही व्यवहार बिघडला असं कानावर आलंय."

"माझा व्यवहार सोडा. एक नाव पाण्यात टाकून बघा. माझ्यासमोर नको, तुमची तुम्ही बघा."

"आप तो बैंक में हैं ना? ये सब टेक्निकल बातें एक्सपर्ट लोग देख लेंगे."

कोण एक्सपर्ट, असं बकुळनं विचारलं. रायच, असं उत्तर आलं.

त्या रात्री जेवताना रत्नाकरदादा म्हणाला, "तू सांगितलंस, तुझं काम झालं. कशाला त्यांच्या तोंडी लागतेस? आपल्याला इथे राहायचंय."

"दादा, आपल्याला बाबांनी पोहायला शिकवलं म्हणून मी आज तुझ्यासमोर जेवतेय. त्या मुलींना काय शिकवलंय? फोटोसाठी हसायला?"

वहिनीनं तिच्या ताटात भात वाढला.

उद्घाटनाच्या दिवशी शाळेजवळच्या घाटावर मांडव पडला. कयाक बाकांवर आडव्या ठेवल्या होत्या, झेंडूच्या माळा घातलेल्या. मुली जॅकेटं चढवून ओळीत उभ्या, त्यांच्या आया मागे. बकुळ पाहुण्यांच्या थोडी आधी पोचली. शिवरामला तिनं वाटेत म्हटलं होतं, तू फक्त सांग की नाव कशी बुडाली. तो म्हणाला, "दीदी, हमको रोज यहीं नाव चलानी है. बोल नहीं पाएँगे." पण त्यानं आपली बादली तिच्या हातात दिली.

पाण्यात जाणारी नाव उलट्या बाजूनंही तपासता येते, हे ती अंगणात बसून शिकली होती. तिनं बादली नदीत बुडवली आणि पहिल्या लाल कयाकच्या बैठकीत रिकामी केली. दुसरी बादली पिवळीत, तिसरी निळीत. लोकांना वाटलं, काही पूजेचा प्रकार असेल. कुणी अडवलं नाही. ती बादल्या ओतत राहिली.

मग बाकाखालची कोरडी पायरी काळी व्हायला लागली. लाल नावेच्या बुडातून आधी थेंब, मग धार. पिवळी दोन ठिकाणी गळली. निळीची पुट्टीच ढेकळासारखी खाली पडली.

"या बाईंना बाहेर काढा," राय म्हणाले. आवाज अजूनही गोडच होता.

"काढा ना," बकुळ म्हणाली. "पण आधी तुमच्या घरातलं एक मूल यात बसवा. या पायरीपासून त्या खांबापर्यंत फक्त. मी आपण होऊन जाते."

मागून इंदू यादव नावाची एक आई पुढे आली, तिनं मुलीच्या अंगावरचं जॅकेट सोडलं आणि बाकावर ठेवलं. मग दुसरीनं. मुख्याध्यापिकेनं माइकवरून जाहीर केलं की हवामानाच्या कारणामुळे कार्यक्रम पुढे ढकलला आहे. ऊन लख्ख पडलं होतं.

तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही. पण चूक झाली असं कुणी म्हटलं नाही, शाळेनं नाही की मंडळानं नाही. उलट बँकेकडे तक्रार गेली, आणि सार्वजनिक ठिकाणी अशोभनीय वर्तन केल्याबद्दल बकुळकडे खुलासा मागण्यात आला. तिनं झालं ते लिहून दिलं. महिन्याभरात तिची दूर सोनभद्रकडच्या शाखेत बदली झाली. ऑर्डर घरी आली तेव्हा रत्नाकरदादा, ज्याचा चढलेला आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता, ताटावरून उठला आणि खिडकीशी जाऊन म्हणाला, "या लोकांना लाज कशी ती नाहीच."

राय समितीवर राहिले. त्या कयाक त्यांनी दूरच्या कुठल्याशा तलावावरच्या हॉटेलवाल्याला विकल्या. बकुळनं खटपट करून त्याचा फोन मिळवला आणि सांगितलं, "आतून पाणी ओतून बघा, लगेच कळेल." तो "हो हो" म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानं बघितलं का, हे तिला कधी समजलं नाही, आणि हे न समजणं तिला बदलीपेक्षा जास्त टोचत राहिलं.

सोनभद्रहून ती सुटीला येई तेव्हा इंदू यादव मुलीला घेऊन बालाजी घाटावर यायची. मग तिच्याबरोबर आणखी तिघीचौघी यायला लागल्या. बकुळ त्यांना कमरेइतक्या पाण्यात उभं करायची, पोटाखाली हात धरायची आणि पाय मारायला लावायची. वरच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं, गर्गेबाई, आता तरी राग सोडा.

"का?" तिनं विचारलं, आणि मुलीच्या पोटाखालचा हात हळूच काढून घेतला.