मोरीतला बोळा

सुमे, युद्धात शालूताईला मावशीकडे किती सुखात ठेवलं होतं, हे तू सगळ्यांना कौतुकानं सांगतेस. एकदा ह्या शालूकडूनही ऐक.

एकाहत्तरच्या डिसेंबरात मुंबईच्या एसटी स्टँडवर आईनं माझ्या वेणीची रिबीन घट्ट केली आणि मला मावशीच्या हवाली केलं. चाळीत खिडक्यांना काळे कागद लागले होते, अंधार पडला की दिवे बंद. "शहाण्यासारखी राहा, लवकर नेऊ," आई म्हणाली. तू तिच्या कडेवर बसून मला टाटा करत होतीस. मला बॉम्बची भीती वाटली नाही. तुझा राग आला.

बीडजवळच्या लिंबागणेशला, तिच्या गावी, मावशीनं मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. युद्ध पंधरवड्यात आटोपलं, पण बाबा म्हणाले, शाळेचं वर्ष पुरं होऊ दे. ते झालं, तर मूलबाळ नसलेली मावशी अडून बसली. "लेकरू लई रमलंय. नेता कामून?" मग दुष्काळ आला. काका गावच्या सोसायटीत होते, त्यामुळे ज्वारी मिळायची. पाण्यापुढे सोसायटीचंही काही चालेना. साबण बंद झाला. आम्ही बाजेवर बसून अंघोळ करायचो, खाली घमेलं ठेवायचं आणि ते पाणी म्हशीला पाजायचं.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा मला कायमचं न्यायला आले. मुंबईत पहिल्याच सकाळी मी अंघोळीला बसले आणि पाणी साठवायच्या सवयीनं मोरीच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला. पाणी साठलं, उंबरा ओलांडून तुझ्या अंथरुणापर्यंत आलं. आईनं बोळा उपसला. सगळं पाणी घळाघळा गेलं आणि मी भोकाड पसरलं, "म्हशीला काय पाजायचं? मला घरी जायचंय!"

तू खदाखदा हसलीस. आई हसली नाही.

"घरीच आहेस ना गं?" तिनं विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून. शाळा सुरू व्हायच्या आत तिनं मला परत पाठवलं आणि पुन्हा कधी राहा म्हणाली नाही.

माझं काही वाईट झालं नाही. ह्यांची साखर कारखान्यात नोकरी होती, बीडला घर बांधलं, मुलं शिकली. पण चाळीत आले की आईचा चष्मा कुठे असतो हे मला विचारावं लागायचं, तू न बघता काढून द्यायचीस. मी जळायचे. आई गेली तरी जळतेच आहे.

परवा फोनवर तूच उसळलीस. म्हणालीस, "भोंगा वाजला की आई मला मांडीत घेऊन जिन्याखाली बसायची आणि थोपटताना म्हणायची, 'शालू, घाबरू नको.' माझं नावसुद्धा तिच्या तोंडात यायचं नाही, ताई!"

तुला वाटलं, हे ऐकून मी निवेन. सुमे, ते नाव तू घे, मला ती मांडी हवी होती. घर म्हणजे मला ती जिन्याखालची मांडी वाटते, आणि तिच्यात तू बसली होतीस.