पाच घरांची ओटी

पेडगावात छबूबाईचं नातं सांगताना माणूस अडखळायचा. शिवकन्येची ती आजी आणि तिची सासूही. लेकीची लेक तिनंच आपल्या धाकट्याला, नागनाथाला करून घेतली होती, मामाला भाची. परक्याची पोर आणून तिला आमच्या आमटीचं मीठ कोण शिकवणार, असं ती ठसक्यात विचारायची.

शिवकन्येची थोरली पंकजा धडधाकट निघाली. तिच्या पाठचा पोरगा पाळण्यातच खोकून खोकून गेला. आता तिसऱ्या बाळाच्या तोंडातला पांढरा थर जाईना, तेव्हा परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त लांब तपासायला पाठवलं.

त्यांनी जे समजावलं ते छबूबाई नसलेला चष्मा सावरत, त्यांच्याच नाजूक आवाजात गल्लीला ऐकवायची. अंगातल्या पहारेकरी पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कापतात आणि नव्या नव्या तऱ्हेनं जोडतात. म्हणून प्रत्येकीपाशी वेगळा साचा. कधी न पाहिलेला जंतू आला तरी कुठल्या तरी साच्यात बसतो, ओळखला जातो. या बाळाच्या पेशींना ते कापणंच जमत नाही.

"कात्रीच न्हाई म्हन्त्यात. म्या म्हनलं, माझ्या घरातली न्या की."

बाया हसायच्या. हा दोष आई आणि बाप, दोघांकडून आलाय, हे वाक्य मात्र ती त्या सोंगातून गाळायची.

उपाय एकच. पंकजाच्या हाडातली मज्जा जुळली, तर ती बाळाला द्यायची. तोवर त्याला कुणी शिवायचं नाही. शिवकन्येनं खोलीच्या दाराला चादर लावली. नागनाथालाही हात धुतल्याबिगर ती आत घेईना.

छबूबाईला हे पटेना. लेकरू गेलेल्या घरात पुढचं कसं टिकवायचं, ते तिला ठाऊक होतं. त्याला पाच घरच्या बायांच्या ओटीत घालायचं आणि पसाभर ज्वारी देऊन परत मागायचं. मग लेकरू कुणाचं, हे सटवाईला उमगत नाही.

पंकजाचं रक्त द्यायला नवराबायको परभणीला गेले, त्या सकाळी छबूबाईनं चादर सारली आणि बाळ पदराखाली घेतलं. चार घरं झाली. पाचवं कडूबाईचं.

कडूबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "मावशी, मला लय ठसका लागायलाय. दुसरं घर बघा की."

"निघालेली ओटी माघारी नेत न्हाईत. घे."

कडूबाईनं घेतलं. वर एक मुकाही घेतला.

आठवडा सरता सरता बाळ दूध सोडायला लागलं. शिवकन्येनं विचारलं, "आजी, आमच्या माघारी कोनी आलतं का?"

"कोन येतंय?" छबूबाई म्हणाली. खरंच कुणी आलं नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. नागनाथानं आवाज मोठा केला. पंकजाची मज्जा पुरती जुळली होती, पुण्याच्या दवाखान्यात जागाही मिळत होती. फक्त तोवर बाळाला सर्दी-खोकला लागू देऊ नका, असं त्या हसत हसत सांगत होत्या. नागनाथही हसला.

छबूबाई बाळाकडं बघत होती. दर श्वासाला त्याच्या फासळ्यांखाली खड्डा पडत होता.

"फोन ठेवू नको," ती म्हणाली. "त्यांला सांग, म्या लेकराला पाच घरं फिरवलंय."

फोनमधलं हसू थांबलं. मग हळूच प्रश्न आला, त्या पाचांत कुणी खोकत होतं का?