लिंबाच्या झाडाच्या वर

लग्नाच्या लायनीत किस्से गोळा करायला लागत नाहीत. चपलेला चिखल लागावा तसे ते आपोआप चिकटतात आणि आपल्याबरोबर घरी येतात. त्यात हातात ड्रोन असला तर विचारूच नका! कॅमेरेवाल्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, पण ड्रोन वर गेला की मांडवातला प्रत्येकजण मान वर करतो, आणि प्रत्येकाचं त्याबद्दल काहीतरी मत असतं. मला ड्रोन हातात घेऊन एकच सीझन झालाय, पण सांगायला बसले तर दुसऱ्यांदा चहा टाकावा लागेल.

आधी आमची मंडळी सांगते. बारामतीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे तात्यांचा. तात्या साठी ओलांडलेले, डोक्याला टॉवेल आणि मनात कायम एक शंका. पोपटराव आमचे फोटोग्राफर. आणि मी सुनंदा, अकरा वर्षं आतल्या खोलीत बसून अल्बम बनवणारी. त्या खोलीला खिडकी नाही. नवरीचा चेहरा उजळ करायचा, मागं जांभई देणारा पाहुणा कापायचा, नवरदेवाच्या कपाळावरचा घाम पुसायचा! अर्ध्या तालुक्याची लग्नं मी लावलीत, पण जेवले एकाही मांडवात नव्हते.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर आमचा ड्रोनवाला दुसरी नोकरी लागली म्हणून सोडून गेला. पोपटराव म्हणाले, "मला वरचं काय कळत न्हाय." तात्यांचा हात थरथरतो. मी खोलीतूनच आवाज दिला, "मी बघू का?"

तात्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. "बघ. पन सीझनभरात जमलं पायजे. न्हायतर पुन्याचा ड्रोन-पायलट सांगतो, आन तू परत तुज्या खोलीत."

मला त्या खोलीत परत जायचं नव्हतं. नव्हतं म्हणजे नव्हतं!

*

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा असते. कॅमेरे, लेन्सा, स्टँड, सगळं सतरंजीवर मांडलं होतं. तात्या एकेकाला हळदीकुंकू लावत ड्रोनपाशी आले आणि थांबले.

"ह्याचं कपाळ कुठलं?"

तात्यांनी तो उलटापालटा करून बघितला आणि पुढच्या बाजूला जे गोल, चकचकीत दिसलं त्यावर ठसठशीत कुंकू लावलं. ती लेन्स होती.

दुसऱ्या दिवशी साखरपुडा. माझं पहिलं काम. स्क्रीनवर सगळं लालसर दिसतंय, मला वाटलं माझ्याच डोळ्यांवर अंधारी आलीय. कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. अर्धा तास तसंच शूट केलं.

व्हिडिओ बघून नवरीचे वडील खूश! "तात्या, कलर लई भारी आलाय. कंचा इफेक्ट म्हनायचा ह्यो?"

तात्या पापणीसुद्धा न लववता म्हणाले, "देवाचा!"

*

सुरुवातीला माझी एक सवय होती. ड्रोन लिंबाच्या, म्हणजे कडुलिंबाच्या, झाडाच्या वर जाऊ द्यायचा नाही. आठ दिवस रीतसर शिकले होते, कुठं उडवायचा, कुठं नाही, सगळं पाठ होतं. पण बोटांना ते कुणी सांगितलं नव्हतं. झाडाचा शेंडा आला की अंगठा आपोआप खाली यायचा. आपल्या हातातली वस्तू आपल्यापासून लांब चाललीय, ही कल्पनाच मला सहन व्हायची नाही.

पोपटराव चार लग्नं गप्प बसले. पाचव्या लग्नात माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाले, "ताई, एवढ्या उंचीचा फोटू मी स्टुलावर चढून काढतो. चार्जिंग बी लागत न्हाय!"

मी रडकुंडीला आले होते आणि हसायलाही येत होतं.

*

लिंबाच्या वर मला कुणी नेलं माहितेय? शेतीच्या बांधानं!

बारामतीच्या बाजूच्याच एका गावात हळदीचं शूट होतं. नवऱ्या मुलाचे चुलते आले, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "ताई, वर चाललाच हाय तर जरा आमच्या रानाकडं बगा की. शेजाऱ्यानं बांध कोरलाय. चार वर्सं सांगतोय, कुनी ऐकत न्हाय."

तेवढ्यात तो शेजारीपण आला. "बगाच! हून जाऊ द्या!"

बघता बघता माझ्याभोवती पन्नास माणसं. "आनखी वर! आनखी! आवो बांध दिसत न्हाय!" त्या गलक्यात माझा अंगठा शेंडा ओलांडून गेला कधी, मलाच कळलं नाही. खाली सगळं रान उघडं पडलं. ऊस, विहीर, पाणंद, आणि मधोमध बांध. चांगला पोट काढून एका बाजूला सरकलेला.

शेजाऱ्याच्या बाजूला!

सगळे चुलत्यांकडं बघायला लागले. चुलत्यांनी टोपी नीट केली आणि मला म्हणाले, "आना खाली. उगं बॅटरी वाया चाललीय."

*

उंचीची भीती गेली तेव्हा परत येण्याची सुरू झाली. बॅटरी संपत आली की ड्रोन जिथून उडवला तिथंच आपणहून येऊन उतरतो. फार शहाणा असतो. फक्त मधल्या वेळात तिथं काय झालंय ते त्याला माहीत नसतं.

पिंपळीला मांडवामागच्या मोकळ्या जागेतून मी ड्रोन उडवला आणि वरात घ्यायला पुढं गेले. वीस मिनिटांनी तो परत निघाला. मी मागं धावत आले तर त्या मोकळ्या जागेत पंगत बसलेली! वांग्याची भाजी, भात, बुंदी, सगळं वाढून झालेलं.

अशा वेळी त्याला बाजूला वळवता येतं, हे मला शिकवलं होतं. त्या क्षणी आठवलं नाही. मी नुसती ओरडले, "उठा! उठा! ड्रोन येतोय!"

एकही माणूस उठला नाही. भरल्या पानावरून कसं उठायचं! सगळ्यांनी एक हात पत्रावळीवर दाबून धरला, माना खाली घातल्या आणि दुसऱ्या हातानं जेवण चालू ठेवलं. एक पाहुणे तेवढे हात धुवायला गेले होते. ड्रोन भात उडवत बरोबर त्यांच्या पानावर उतरला आणि बंद झाला.

कुणाला काही लागलं नव्हतं. शेजारच्या पानावरच्या एका आबांनी ड्रोनकडं नीट बघून घेतलं. मग वाढप्याला हाक मारली, "आरं, ह्येला बी बुंदी वाढ!"

पंगत हसली. तात्या हसले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पुन्याच्या पायलटचा नंबर घिऊन ठिवलाय मी." घरापर्यंत मी खिडकीबाहेर बघत आले.

*

हा छोटासाच. मंगलाष्टकं चालू होती आणि मी ड्रोन जरा खाली आणला. "सावधान" म्हटलं की अक्षता टाकायच्या, तर लोक नवरा-नवरीकडं बघतायत कुठं! पाडाचा आंबा दिसल्यासारखं मागून कुणीतरी ओरडलं, "टप्प्यात आलाय, हान!" आणि सगळ्या मांडवानं नेम धरून ड्रोनला मारल्या. पाचही मंगलाष्टकं!

नवरीची आई नंतर मला म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर चार दानं पडलं न्हाईत. तुमच्या ड्रोनचा संसार मातूर सुखाचा व्हनार!"

*

निरवांगीला मात्र रडायची वेळ आली. वारा होता. वरात उसाच्या कडेनं चालली होती आणि वाऱ्याच्या एका झोतानं ड्रोन गेला तो थेट उसात. पुरुषभर उंचीचा ऊस, तीन एकर! आत शिरलं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही.

उसाचे मालक वरातीतच होते. फार समजूतदार माणूस. म्हणाले, "ताई, काळजी करू नगा. म्हैन्याभरात कारखान्याची टोळी येतीया. ऊस तुटला की घावंल."

तात्या म्हणाले, "आवो, लगीन आज हाय!"

ॲपमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की पडलेला ड्रोन टीं टीं असा आवाज करतो. मी दाबलं. पण बँजोच्या दणक्यात कुणाला काय ऐकू येणार? तेव्हा एक म्हातारे बाबा पुढं आले. सगळा जन्म मेंढरं राखण्यात गेला होता त्यांचा. त्यांनी बँजोवाल्यांसमोर काठी आडवी धरली. "गप ऱ्हावा समदी!"

वरात गप्प. घोड्यावरचा नवरदेवही गप्प. बाबांनी मान वाकडी करून ऐकलं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि उसात शिरले. दहा मिनिटांनी बाहेर आले. ड्रोन छातीशी धरलेला, दोन पंख तुटलेले.

"कोकरू कळपातनं चुकलं की आसंच वरडतंय," ते म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले, खरंच पडले. त्यांनी ड्रोन माझ्या हातात दिला आणि वर बजावलं, "म्होरच्या बारीला गळ्यात घंटी बांधा ह्येच्या!"

*

आता शेवटचा.

मे महिना. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवला पाण्यातलं जुनं देऊळ वर येतं. तिथं एका जोडप्याचं प्री-वेडिंग होतं. देवळाभोवती अजून पाणी होतं, म्हणून जोडपं आणि पोपटराव मच्छीमारांच्या होडीतून तिकडं गेले. काठावर मी आणि तात्या. पुढच्या रविवारी सीझनमधलं शेवटचं मोठं लग्न होतं, आणि त्यासाठी तात्यांनी पुण्याच्या पायलटला बोलावून ठेवलं होतं. मला सकाळीच सांगितलं होतं.

तात्या पाण्याकडं बघत म्हणाले, "नगं धाडूस. ऊस तुटतो तरी. ह्यात पडला तर कोन काढनार? ऱ्हाऊ दे, पुन्याच्या पायलटलाच हितं बी आनू."

मी ड्रोन उचलला आणि पाण्यावर काढला.

स्क्रीनवर काठ मागं पडला. खाली नुसतं पाणी, पुढं लांब काळं देऊळ. अर्ध्यात आले आणि फोन वाजला! आता ड्रोनची स्क्रीन म्हणजे माझा मोबाईलच. त्यावर देऊळ गेलं, पाणी गेलं, जोडपं गेलं, आणि स्क्रीनभर आल्या माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. तर आत्यांचा रोज साडेअकराला फोन येतो. गुळाचा डबा कुठंय, लाईट बिल कुठं ठेवलंस, असलं काहीतरी. अकरा वर्षांत एकही फोन मी चुकवलेला नाही. फोन उचलेपर्यंत त्या वाजवतच राहतात.

काही सुचेना, मी दोन्ही अंगठे काढून घेतले. रिंग वाजून वाजून बंद झाली. देऊळ परत दिसलं. ड्रोन जिथं होता तिथंच, हवेत शांत उभा! हात सोडला तरी तो पडत नाही, हे पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. पण विश्वास बसला तो त्या दिवशी.

परत फोन. परत आत्या. या वेळी मी कापला.

तात्या दचकले. "सासूचा फोन कापलास?"

"तात्या, मी आत्ता वर आहे," मी म्हणाले.

तिसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदाही कापला. मग देवळाभोवती सावकाश एक अख्खा फेरा मारला. शिखर, ओल्या पायऱ्या, पायरीवर बसलेलं जोडपं, आणि चारी बाजूंनी पाणीच पाणी. येताना पाण्याच्या इतक्या जवळून आणला की त्याची सावली खाली पोहताना दिसली. काठावर आणून हातावर झेलला.

तात्यांनी टॉवेलची सावली करून तो शॉट दोनदा बघितला. शाबासकी वगैरे काही दिली नाही. खिशातून आपला फोन काढला. "हां, पुन्यातनं बोलताय ना? रईवारचं ऱ्हाऊ द्या. न्हाय, न्हाय, तसं काय न्हाय. आमचं मानूस हाय हितं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ऊन फार आहे म्हणून पुसलं.

मग आत्यांना फोन लावला. खरं सांगते, उजनीपेक्षा जास्त भीती त्या फोनची वाटत होती. "आत्या, ड्रोन पाण्यावर होता, म्हणून कापला."

आत्या म्हणाल्या, "हिंग घावला मला," आणि ठेवून दिला. संध्याकाळी घरी गेले तरी त्यावर एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकरा वाजले. फोन नाही. पावणेबारा झाले, बारा झाले. माझं कामात लक्ष लागेना. शेवटी न राहवून मीच लावला.

"आत्या, आज फोन नाही केला?"

"म्हनलं, तू उडत आसशील."