चहा कुणी पुसायचा

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये फरशी पुसायला लागल्या तेव्हा त्या जेमतेम पंचविशीच्या होत्या. तरी पहिल्या दिवसापासून त्या 'मावशी'च. पन्नाशीचे डॉक्टरही त्यांना मावशी म्हणत. हातात पोछा आला की माणूस आपोआप वडीलधारा होतो, असं काहीसं तिथलं गणित होतं.

काम सांभाळून मावशींनी बारावी केली, मग लॅब टेक्निशियनचा कोर्स. नवरा बेकरीत भट्टीवर असायचा. पोरांचं सगळं सासूबाईंनी निभावलं आणि 'सुनेला मी शिकवलं' म्हणून गल्लीत मिरवूनही घेतलं. त्याच लॅबमध्ये जागा निघाली. मावशींनी मुलाखत दिली आणि ती जागा त्यांना मिळाली.

पांढरा कोट घालून त्या आल्या त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लॅबप्रमुख म्हणाले, "मावशींनी आपल्या लॅबचं नाव काढलं!" टाळ्या थांबतायत तोवर कुणाचा तरी धक्का लागून चहाचा कप लवंडला.

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. रागानं नाही की हुकमानं नाही. दिवे गेले की माणूस पंख्याकडे बघतो तसं. मावशींनी फडकं घेतलं. पुसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, नवी सफाईवाली बादली घेऊन दारातच उभी होती.

घरी सासूबाईंनी विचारलं, "अगं, मग तू कशाला पुसलंस?"

"हात गेला."

"हाताला सांग आता."

हाताला समजायला बराच काळ गेला. दरम्यान मावशींच्याच वर्गातून पास झालेली एक मुलगी लॅबमध्ये लागली. ती आल्या दिवसापासून 'मॅडम' होती. मावशी मावशीच राहिल्या. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. हेतू असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग एकदा सफाईवाली रजेवर असताना पुन्हा चहा सांडला. मावशी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या होत्या. सगळे पुन्हा त्यांच्याकडे बघू लागले.

"मावशी..." मॅडम म्हणाल्या.

"हं?" मावशींनी डोळा काढला नाही.

"नाही, काही नाही."

चहावर कुणीतरी वर्तमानपत्र टाकलं. सगळे त्याला वळसा घालून ये-जा करू लागले. शिकलेली माणसं, वळसा कसा घालायचा ते त्यांना बरोबर जमत होतं. "डोक्यात हवा गेलीय," कुणीतरी कुजबुजलं. मावशींना ऐकू आलं. कानशिलं तापली, पण त्या उठल्या नाहीत.

दुपारी लॅबप्रमुख घाईघाईनं आत आले आणि त्या वर्तमानपत्रावरून घसरून पडले. लागलं काही नाही. उठले, इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातला पोछा घेतला आणि स्वतः पुसायला लागले.

"सर, तुम्ही कशाला!" चारजण धावले. मॅडमनी फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो हॉस्पिटलभर फिरला. केवढा मोठा माणूस, आणि किती साधा! वार्षिक समारंभात डायरेक्टरांनी भाषणात त्याचा दाखला दिला. मावशींनीही टाळ्या वाजवल्या. सरांनी खरंच पुसलं होतं, जरा ओलं राहिलं होतं इतकंच.

तेव्हापासून लॅबमध्ये ज्याचा चहा सांडेल त्यानं पुसायचा, असा पायंडा पडला. त्याला सगळे 'सरांची पद्धत' म्हणतात.