छबूबाईने नाकारलेली कंदुरी

तिसगावच्या छबूबाईच्या दोन्ही पापण्यांच्या कोपऱ्यात पिवळसर उंचवटे होते, ओली हळद थापून वाळावी तसे. तिच्या वडिलांनाही होते. माहेरचे लोक त्याला सोनं म्हणत. "पोरगी सोनं घिऊन आलीया," असं तिचे चुलते वैजनाथनाना चारचौघांत सांगायचे.

वडील चाळिशीत शेतातच कोसळून गेले. थोरला भाऊ राधाकृष्ण त्याहूनही लहान वयात, मोटारसायकलला किक मारता मारता गेला. बांधावरचा म्हसोबा कोपलाय असं नानांनी ठरवलं. तेव्हापासून दर वर्षी त्याला बोकड आणि भावकीला कंदुरी, म्हणजे त्याच बोकडाच्या मटणाची पंगत. चरबीचे तुकडे आधी तिच्या धाकट्या भावाच्या, काकासाहेबाच्या ताटात पडत, कारण आता घरातला पुरुष तोच उरला होता.

छबूबाई अंगणवाडीत मदतनीस, अंगानं काडी. गेल्या हिवाळ्यात चढावर चालताना तिच्या छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं व्हायला लागलं. थांबलं की जायचं. नवरा गोरक्ष तिला पाथर्डीला डॉक्टर अश्विनींकडे घेऊन गेला. त्यांनी पापण्या पाहिल्या, चपला काढायला लावल्या आणि टाचेमागची जाड शीर चिमटीत धरली. तिथं टणक गाठी लागल्या.

"माहेरी कुणी तरुणपणी गेलंय?" त्यांनी विचारलं.

रक्त तपासलं. वाईट कोलेस्टेरॉल असावं त्याच्या दुपटीहून जास्त निघालं.

"बाई, मी कुठं येवढं तेलतूप खाते?" छबूबाई म्हणाली.

"जाड-बारीक असण्याचा प्रश्नच नाही, मावशी. कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतःच तयार करतं. रक्तात जास्त झालं तर तेच परत ओढूनही घेतं. तुमच्या माहेरच्या रक्तात त्या ओढून घेण्यातच जन्मापासून खोट दिसते. मग ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थरावर थर साचत जातं. पापणीवर, टाचेत साचलंय तेही तेच."

"म्हंजी माझे वडील, दादा...?"

"बहुतेक यानंच गेले. पथ्य पाळा, पण नुसत्या पथ्यानं भागणार नाही. गोळी रोज घ्यायची, कायमची. हृदयाची तपासणी नगरला करून घ्या. आणि सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. आईबापांत एकाला असेल तर निम्म्या लेकरांना येऊ शकतं."

एसटीत ती पदरानं पापण्या घासत राहिली, कातडी लाल होईपर्यंत. सोनं म्हणे! नगरला तपासणी झाली, गोळ्या वाढल्या. तिच्या मुलाचं, करणचं रक्त चांगलं निघालं. राहिला काकासाहेब. तो कंदुरीला सगळ्यांसमोर भेटणार होता.

पंगत बांधावरच बसली होती. रश्श्यावर बोटभर लाल तवंग, त्यात पांढऱ्या चरबीचे गोळे. काकासाहेब ते हातानं फोडून खात होता. हनुवटीवरून ओघळ येत होता. छबूबाईनं त्याच्या शेजारी बसून सगळं सांगितलं.

तो हसला. "अक्का, मी तालमीतला गडी. मला काय धाड भरलीया?"

"दादाबी हेच म्हनायचा," ती म्हणाली.

नाना तिच्याकडं सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बाहेर बोलू नगं. रक्तात खोट हाय म्हनलं तर घरातल्या पोरींला कोन करील?"

"पोरी जगतील का, हे न्हाई इचारत तुमी!"

"आधी दोन घास खा. देवाचं हाय."

तिनं ताटाकडं पाहिलं. रस्सा गार होऊन कडेला पांढरा थर धरत होता. ती बाजूला जाऊन ओकली, चूळ भरली आणि चालू लागली. मागून काकासाहेबाची बायको इंदू म्हणाली, "शिकलेल्या डॉक्टरनीनं येडं केलंय."

उन्हाळ्यात काकासाहेब कांद्याच्या गोण्या टेम्पोत चढवताना छाती धरून खाली बसला. लोकांनी लगेच नगर गाठलं म्हणून वाचला. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या, त्यात स्टेंट घातले. छबूबाई भेटायला गेली तेव्हा त्याला तिच्याकडं बघवेना.

"निकिताला पाथर्डीला ने," तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "माझ्या पोरीच्या टाचंतबी गाठ हाय. मी बघितलीया."

"कवा?"

"लई दिस झालं."

छबूबाईला तिथं त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिनं फक्त पिशवी उचलली.

निकिता नववीत. तिच्या रक्तात खोट निघाली, गोळी सुरू झाली. "वेळेत सापडली," डॉक्टर म्हणाल्या. हृदयाला अजून काही झालेलं नव्हतं.

काकासाहेब घरी आल्यावर नानांनी म्हसोबाला दोन बोकड द्यायचं ठरवलं. एक नेहमीचा, एक तो वाचला म्हणून. कंदुरीचं बोलावणं घेऊन नाना स्वतः तिच्या दारात आले. त्यांच्या मिशांना सकाळच्या भज्यांचं तेल होतं.

"देवानं राखलं गं त्येला."

"राखलं डाक्टरांनी. देव कुनाला राखतो ते सुरीखालच्या बोकडाला इचारा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

काकासाहेब त्या पंगतीत बसला. गोळ्या घेतो, मटणही खातो. इंदू अजून तिच्याशी बोलत नाही. पण महिन्यातून एकदा पाथर्डीच्या एसटीत निकिता आत्याशेजारी खिडकीशी बसते आणि शाळेतल्या गमती सांगते. छबूबाई ऐकते. माहेरच्या बांधाची वाट मात्र तिनं कायमची सोडली.